धन्यांनी कपाळ टेकवलं

तीर्थरूप आईस,

तोक्योहून हान्नोजोचा दंडवत. मी धडधाकट आहे, तुझं मुळ्याचं लोणचं पुरवून खातोय. तुझा गुडघा कसा आहे?

काल धन्यांनी आम्हा सगळ्या सामुरायांना बोलावलं. नेहमीसारखी कपाळं चटईला टेकवून बसलो. "वर बघा," म्हणाले. बघतो तर त्यांची शेंडीच कापलेली! म्हातारे गेन्बाकाका किंचाळलेच, "अहो, कोण वारलं?"

"संस्थान खालसा झालं. उद्यापासून तुम्ही कोणाचेच चाकर नाही," असं म्हणून धन्यांनी आमच्यापुढे कपाळ टेकवलं. आई, त्यांच्याहून खाली वाकायचं, तर चटईखाली जागाच नव्हती गं.

काळजी करू नकोस. माझं प्रत्येक पत्र तू देव्हाऱ्यातल्या बाबांच्या नावाच्या पाटीला वाचून दाखवतेस. हे तेवढं मनातल्या मनात वाच.

तुझा,
हान्नोजो