मुळशीच्या पाण्यातला काळा चौकोन

३ डिसेंबर
पौडपर्यंत बसमध्ये उभी होते, तरी आज मजेत आहे. मुळशीच्या पाण्याला लागूनच खोली मिळाली. उपग्रह दर पाच दिवसांनी अकराच्या सुमारास इथून जातो. त्याच वेळी मी होडीतून पाण्याचा गढूळपणा मोजायचा आणि त्याने काढलेल्या चित्राशी ताडून पाहायचा, एवढंच काम. घरमालकीण तानुबाई एकट्याच असतात. नवरा कोंडीबा मासे धरायला गेला, त्याला दोन वर्षं झाली. होडी सापडली, माणूस नाही. मावशी अजून कुंकू लावतात.

८ डिसेंबर
चित्र आलं. तलावाच्या मधोमध एकच काळा चौकोन, दहा मीटर लांब-रुंद. मी सकाळी तिथेच होते. पाणी नितळ होतं. यंत्राची चूक असणार. मावशींनी विचारलं, "तुझ्या फोटूत मानूस दिसतो का गं?" मी नाही म्हटलं. त्यांचा चेहरा इतका पडला की उगाच तो चौकोन दाखवला.

१३ डिसेंबर
चौकोन सरकलाय. निम्मं अंतर तोडून आमच्या काठाकडे. मावशी बघून लहान मुलीसारख्या हसल्या. "घराकडं येतोय त्यो. लई दमला आसंल." शेवाळ असेल, ढगाची सावली असेल, मी परत परत सांगितलं. त्यांनी भाकरी थापल्या, त्याच्यासाठीही. आकाशात आज ढग नव्हता.

१८ डिसेंबर
मावशी गेल्या.
मी होडीत, पलीकडच्या काठाजवळ. अकराच वाजले होते. ठेवणीतलं लुगडं नेसून पाण्यात उतरल्या, गुडघाभर, कमरेभर. मी ओरडले. त्यांनी हात पुढे केला, कुणाचा तरी धरावा तसा, आणि —
वल्ही मारत पोचले. काहीच नव्हतं. गावाने अंधार पडेपर्यंत शोधलं.
चित्रात चौकोन काठाला टेकलाय.
मी दाखवला. मीच.

२३ डिसेंबर
तलाव स्वच्छ. सगळा निळा. पोटभर रडले.
मग चित्र मोठं केलं. चौकोन आहे — पाण्यात नाही. या घराच्या छपरावर.
अकरा वाजता मी घरातच होते.
सामान भरतेय. बस साडेपाचची —
पडवीत ओली पावलं. दोन माणसांची.
मावशी दाराबाहेरून विचारतायत, जेवलीस का गं. आवाज तोच, तसाच मायेचा. मला त्यांची माफी मागायचीय. पण त्यांच्या शेजारी कुणीतरी श्वास —
कडी मी लावली होती. लावली हो