हाकेआधीचा पडसाद

खंडाळा, ८ सप्टेंबर २०२४

चि. ज्योत्स्नास,
आबाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

घसा पार बसलाय, म्हणून फोन सोडून कागद धरला. तुझी आई म्हणते, जन्मभर भाषणं ऐकली, आता कुटं घराला शांतता मिळाली!

तुझा निरोप पोचला. स्कॅनमध्ये फुफ्फुसातली गाठ आहे तेवढीच, पण रक्तातला सीईएचा, म्हणजे कर्करोगाची चाहूल देणारा, आकडा नवावरून एकतीसवर. म्हणजे डोळ्यांना दिसायच्या आधी रक्ताला कळलं? अगं, तांदळाचे दाणे मोजून भगताला कुणाचं मरण सांगता येत नाही, असं मी कामशेतच्या भरबाजारात ठणकावलं होतं. आज तुझ्या प्रयोगशाळेच्या आकड्यात मीच माझं मरण वाचतोय.

आणखी एक. दरीच्या कडेला मी भाषणांची तालीम करायचो ना? परवा धुक्यात तिथं उभा राहिलो. घशातून नुसती हवा निघाली. दरीतून मात्र माझा जुना, खणखणीत आवाज परत आला. काल तर मी तोंड उघडायच्या आधीच आला.

उपचार पुरे. मी पुण्याला येत नाही. कळावे. लोभ आटू देऊ नकोस.

तुझा आबा,
भिकाजी


पुणे, १२ सप्टेंबर २०२४

ती. आबांस,
सविनय जयभीम. वि. वि.

पत्र वाचून आधी रडले, मग चिडले. प्रयोगशाळेत सगळ्यांना मी तुमची ओळख 'भगतांचा कर्दनकाळ' अशी करून दिली आहे. आता काय सांगू?

भगताच्या दाण्यांना उलट प्रश्न विचारता येत नाही, या आकड्याला येतो. डॉक्टर म्हणाले, एकटा आकडा निकाल देत नाही. तो इतर कारणांनीही वाढतो. पण चढत राहिला, तर चालू गोळी निकामी होत असल्याची शंका घ्यायची, पुन्हा तपासायचं, वेळेत औषध बदलायचं. घसा बसणं हीसुद्धा गाठीचीच खूण असू शकते. भगत मरण सांगून घरी जातो, आबा. आकडा सांगतो तेव्हा आपल्या हातात अजून काही उरलेलं असतं.

दरीचं मला कळत नाही. तिकडे एकटे जाऊ नका. सोमवारी निघा. डोक्यावरचा हात काढू नका.

तुमची,
ज्योत्स्ना


खंडाळा, २५ ऑक्टोबर २०२४

चि. ज्योत्स्ना हिला,
आईचा जयभीम. वि. वि.

तुजा फोन आला तवा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या तपासणीत गाठ वाढलेली घावली, नवं इंजेक्शन लागू पडतंय, आकडा उतरतोय. आबांना तुज्याकडं धाडलं ते बरं झालं.

आता फोनवर बोलता येत न्हाई ते लिहिते, कारण तुजा फोन आबांच्याच कानाशी असतो. ते गेल्यापासून रोज सांजेला दरीतून त्येंचं भाषण ऐकू येतं. मला भास वाटला. पण शेजारची हिरा इचारायला आली, मावशी, काका कवा आले?

लय भ्याले. मग परवा कडेला गेले आन् दरीला म्हणलं, ह्यो आवाज ज्याचा हाय त्यो पुण्यात घसा धरून बसलाय, त्येचा त्येला परत दे.

काल सांजेला दरी गप्प होती. आजही गप्प हाय. फोन लावायला हात धजत न्हाई. त्येंचा घसा सुटला का, एवढंच लगोलग कळव. माया हाय तशीच ऱ्हाऊ दे.

तुजी आई,
भामाबाई