दक्षिणेतील उन्हाळा ग्राह्य धरण्याबाबत

प्रति,
मा. आस्थापना अधिकारी,
हवामान निरीक्षण कार्यालय.

विषय : दीर्घ रजा माझ्या गावच्या उन्हाळ्यात, म्हणजे आपल्याकडील हिवाळ्यात, मिळण्याबाबत.
संदर्भ : माझा मागील अर्ज व त्यावरील आपला शेरा, "उन्हाळी रजा उन्हाळ्यातच घ्यावी."

महोदय,

वरील शेरा नियमाला धरून आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. अडचण पृथ्वीची आहे.

१. मी तापमान कक्षात कनिष्ठ निरीक्षक आहे. माझे घर विषुववृत्ताच्या बरेच दक्षिणेला, एका खाडीपलीकडे आहे. पृथ्वीचा आस कललेला असल्याने आपल्याकडे उन्हाळा असतो तेव्हा तिकडे हिवाळा असतो. आपल्या कार्यालयात शाळेच्या सहली येतात, तेव्हा मुलांना हे समजावून सांगण्याचे काम माझ्याकडेच असते.

२. रजा शाखेतील लिपिक म्हणाले, "बाई, मला पटतं हो सगळं, पण रकान्यात उन्हाळा एकच आहे. तिकडे उन्हाळा असल्याचा दाखला आणा." असा दाखला देणारे या शहरात आपलेच कार्यालय आहे. म्हणून मी आपल्याच कार्यालयाकडे अर्ज केला. आवक शाखेने तो संबंधित कर्मचाऱ्याकडे, म्हणजे माझ्याच टेबलावर पाठवला. मी आकडे तपासून दाखला दिला. अर्जदाराने स्वतःला दाखला देऊ नये, या कारणास्तव तो नामंजूर झाला.

३. गेल्या वर्षी मी नियमाप्रमाणे आपल्या उन्हाळ्यात गेले होते. खाडी गोठली होती. बर्फ बोट अडवण्याइतका जाड होता, माणूस पेलण्याइतका नव्हता. रजा संपेपर्यंत मी अलीकडच्या काठावरील लॉजमध्ये राहिले. शेवटच्या दुपारी आई पलीकडच्या काठावर आली आणि फोनवर बोलत चादर हलवू लागली.

"दिसतेय का गं मी?"

"दिसतेस. पण बर्फात पांढरी चादर कोण आणतं, आई?"

"नवी आहे. तुझ्या अंथरुणासाठी काढली होती. वाया कशाला घालवू?"

"आणि मी दिसते का?"

"न दिसायला काय झालं? पिवळा स्वेटर शोभतोय हो तुला."

मी लाल कोट घातला होता. तेवढ्यात धाकट्या भावाने फोन घेतला आणि बाजूला जाऊन म्हणाला, "ताई, तिला हल्ली दारात उभा असलेला मीसुद्धा दिसत नाही नीट. तुला सांगायचं नाही म्हणून दम दिलाय मला."

४. तो काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही. हाताच्या अंतरावरचा चेहरा ओळखण्याइतकी जी उरली आहे, ती तिकडच्या येत्या उन्हाळ्यापुढे टिकेल असे डॉक्टर खात्रीने सांगत नाहीत. बोट त्याच उन्हाळ्यात चालते.

५. तरी या रजेला आपण हिवाळी म्हणावे, बिनपगारी म्हणावे, किंवा रकान्यात बसेल ते नाव द्यावे, माझी हरकत नाही. माझी निरीक्षणे घेण्यास शेजारच्या कक्षातील सहकारी तयार आहेत. पृथ्वीच्या आसाबाबतचा मजकूर आवश्यक वाटल्यास वगळावा.

६. आई दर फोनला विचारते, "साहेब काय म्हणाले?" मी सांगते, विचार चालू आहे. परवा ती म्हणाली, "त्यांना म्हणावं, सावकाश करा. मला काही घाई नाही."

आई माझ्याशी दोनदाच खोटे बोलल्याचे मला माहीत आहे. पहिल्यांदा स्वेटरबाबत, आणि दुसऱ्यांदा हे.

आपल्या उत्तराची वाट पाहणारी,

कनिष्ठ निरीक्षक, तापमान कक्ष
दिनांक : आवक शिक्क्याप्रमाणे

सोबत :
१. नेत्रतज्ज्ञांचे प्रमाणपत्र.
२. सहकाऱ्याचे संमतिपत्र.
३. माझ्या गावच्या तापमानाचा तक्ता (दाखला म्हणून नव्हे, माहितीसाठी).
४. छायाचित्र : पलीकडच्या काठावर आई. लाल शाईने गोल केला आहे, त्याशिवाय सापडत नाही.