दालच्याची नियत

७८६
माजलगाव, १८ रमजान (२९ मार्च २०२४)

जैतूनआपास मकदूमचा सलाम. वि. वि.

फोन मुद्दाम बंद ठेवलाय. बोललो असतो तर भांडण झालं असतं, म्हणून दुल्हेभाईंच्या हाती हा कागद देतोय.

काल तुझ्या गल्लीतल्या बायनाबाई गादी न्यायला दुकानात आल्या. मकदूमभाई यंदा बी दालच्यासाठीच इतिकाफला बसणार का, असं त्यांनी हसत हसत इचारलं. कुठून ऐकलं म्हणलं, तर तूच चार बायांत सांगितलंस म्हणे!

नऊ वर्षं झाली, रमजानचे शेवटचे दहा दिवस घर-दुकान सोडून मशिदीत मुक्काम करतोय. मोहल्ल्यातून एक जण तरी बसावा लागतो, न्हाई तर गुन्हा सगळ्यांच्या माथी. बाकीच्यांना कामं हायत, मग सगळ्यांची बोटं माझ्याकडं. आणि वर हे ऐकायचं?

खरी चीड वेगळीच हाय, आपा. तू खोटं बोलली न्हाईस. माझी रेहाना अल्लाला प्यारी झाल्यापासून माझ्या पुढ्यात कुणी गरम जेवण ठेवतं ते त्या दहा दिवसांतच. एकोणिसावा रोजा आला की मला अल्लाच्या आधी तुझा डाळ-मटणाचा दालचा आठवतो. असली नियत घेऊन बसायचं कावून? यंदा मी बसणार न्हाई. मौलानांना दुसरा माणूस बघायला सांगितलंय.

तुझा रागावलेला भाऊ,
मकदूम

७८६
माजलगाव, १९ रमजान

लाडक्या आणि अडेलतट्टू मकदूमला आपाची दुआ.

माझ्या जिभेला हाड न्हाई, हे अम्मी लहानपणापासून सांगत आली. चुकलं माझं, माफ कर. पण आता माझं बी ऐक. लोकांनी वाहवा करावी म्हणून इबादत करणं हा दिखावा, तसं लोक हसतात म्हणून ती सोडणं हा बी दिखावाच की! दोन्हीकडं लोकच.

माझी नियत सांगू? माझ्या स्टीलच्या डब्यावर नाव कोरलेलं हाय. मशिदीत दहा घरचे डबे येतात. त्यात माझा सगळ्यांत चांगला, हे समद्यांना कळावं म्हणून मी दर साली तोच पाठवते. बायांत बोलले ते बी मिरवायलाच. काल ते नाव तारेच्या घासणीनं घासत बसले. बोटं सोलली, नाव काही जाईना.

दुसरा माणूस मौलानांना भेटला न्हाई, असं हे, तुझे दुल्हेभाई, म्हणत होते. उद्या दिवस बुडायच्या, मगरिबच्या आत जाऊन बस. नियतचं तू अन अल्ला बघून घ्या.

तुझी आपा,
जैतून

७८६
मशिदीतून, २१ रमजान

आपास सलाम.

बसलो. पण दालचा पाठवू नको. भाकरी आणि ठेचा, बस. डबा फडक्यात बांधून पाठवलास ते बरं केलंस, नाव दिसत न्हाई.

मकदूम

७८६
मशिदीतून, २७ रमजान

जैतूनआपास मकदूमचा सलाम. वि. वि.

सात दिवस ठेचा-भाकरी खाल्ली. वाटलं, आता तरी नियत साफ व्हईल. कसलं काय! परवा इफ्तारला मौलाना सगळ्यांदेखत म्हणाले की मकदूमसारखा सादगीनं राहणारा माणूस मोहल्ल्यात दुसरा न्हाई. आपा, मला लई गोड वाटलं गं! तवापासून भाकरीचा तुकडा मोडतो तो बी कोण बघतंय का, ते बघून. कपाळ माझं! दालच्यात नव्हता एवढा दिखावा ठेच्यात निघाला.

सजद्यात कपाळ टेकतो, तर तिथं बी स्वतःवरच चरफडतो. शेवटी आज पहाटे फजरच्या नमाजनंतर हात उचलले आणि सरळ सांगून टाकलं की या अल्ला, नियत कशी साफ करायची ते मला जमत न्हाई, आता तूच बघ. खूप रडलो. कोपऱ्यात कुणी नव्हतं, आणि कुणी असतं तरी मला कळलं नसतं.

आता एक काम कर. उद्याच्या डब्यात दालचा पाठव, नळीची हाडं टाकून. सवाब-पुण्यासाठी न्हाई, सादगीसाठी न्हाई. तुझ्या हातचं खावंसं वाटतंय म्हणून. सध्या माझी एवढी एकच नियत साफ हाय.

दालचा पातळ झाला तर चालंल, माया पातळ करू नको.

तुझा उपाशी भाऊ,
मकदूम