कावळ्यासमोर दिलेला शब्द

बाय रंजना,

काल घरी सगळ्यात आधी आली ती तुझी शबाना, गोडाऊनला पॅकिंगला तुझ्या शेजारी बसायची ती. धामणकर नाक्यावरून शेअर रिक्षात कोंबून, मांडीवर खिरीचा डबा धरून. तिच्यामागून तनूच्या शाळेतल्या बाई. घरात खुर्च्या दोन, त्यातली मोडकी नेमकी बाईंना गेली. असो.

बाई सांगत होत्या, तनूचं बोट वर्गाच्या दारात चेंगरलं, नख उपटून आलं, पण पोरीनं टिपूस काढलं नाही. मी फुशारकीनं म्हटलं, आमची तनू शहाणीच हाय. माझा लेक दिलीप काविळीनं गेला, मग तू किडनीच्या दुखण्यानं गेलीस, आणि नऊ वर्षांची पोर एकदाही रडली नाही, हे मी अंजूर गावभर मिरवत होते गं! बाई काही हसल्या नाहीत.

तेवढ्यात शबानाची नजर तुझ्या फोटोवर गेली आणि ती हुंदके द्यायला लागली. तनूनं धावत जाऊन तिच्या तोंडावर हात ठेवला.

"मावशी, रडू नको. आई अडकेल."

पोर कुठला शब्द पाळतेय, ते मला तेव्हा कळलं.

आठवतं ना तुला? दहाव्याला खाडीवर कावळा पिंडाला शिवेना. ऊन चढलं, भावकी कुजबुजायला लागली, हिचा जीव पोरीत अडकलाय. मग मीच तनूला पुढे ढकललं. बोल म्हटलं, आई, मी रडणार न्हाय, आजीला तरास देणार न्हाय, तू जा. तिनं हात जोडून म्हटलं आणि कावळा शिवला. सगळे सुटल्यासारखे घरी आलो, मीसुद्धा. पोर मात्र सात महिने एकटीच तुझी राखण करत राहिली. तू असतीस तर मला चांगली फैलावर घेतली असतीस. का नाही घेतलीस?

तनूला जवळ ओढून म्हटलं, तो शब्द माझा, तुझ्या तोंडात मीच घातला, आता मीच परत घेते.

"पण आईला कोण सांगणार?"

"मी लिहून कळवते."

चौथी शिकलेली मी, तिथंच तिची वही घेतली. तुझं नाव लिहिलं मात्र, तनूनं असा हंबरडा फोडला की शेजारची मंगल पिठाच्या हातानं धावत आली. नात रडते म्हणून कुठली आजी हसते? मी हसत होते बाय. शबाना मला 'पागल' म्हणाली. उरलेलं आज लिहितेय, तनू शाळेत गेल्यावर.

बाई म्हणाल्या, एका रडण्यानं भागत नाही. अजून चिडेल, अंथरूण ओलं करेल, नको ते विचारेल. विचारू दे. तिनं तुझं नाव काढलं की मी विषय बदलणार नाही, शहाणी म्हणून गप्प बसवणार नाही. हा शब्द माझा, माझ्याच तोंडचा. तू जा, नाहीतर थांब, पण पोरीच्या भरवशावर नको.

तुझी सासू

विसरलेच, शबाना रविवारी परत येते म्हणालीय. तनूनं तिला बजावलंय, आईच्या सगळ्या गोष्टी आठवून ये.