कादंबरीत सापडलेलं आपलं घर

अब्बा, तुम्हाला हे पत्र मी उर्दूत लिहायला हवं होतं. तुम्ही उभी हयात भूमच्या शाळेत पोरांना उर्दू शिकवण्यात घालवलीत, आणि तुमचीच मुलगी मराठीत लिहितेय. पण काय करू, राग मला मराठीतच येतो. नातीनं एक कादंबरी वाचायला आणून दिली, तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. त्यातल्या मुलीचा एका मुलावर जीव जडतो, बाप नाही म्हणतो, दुसरीकडं लग्न लावून देतो आणि ती मुकाट्यानं जन्म काढते. एवढीच गोष्ट. पण पानापानाला वाटत होतं, या लेखकाला आपल्या घरातलं कुणी सांगितलं?

तसंच तर झालं. अम्मीच्या बहिणीचा मुलगा येडशीहून यायचा, चुलीपाशी भाकरी खायला बसायचा आणि माझ्याकडं बघून म्हणायचा, "कालवणात मीठ कमी पडलंय." मीठ कधीच कमी नसायचं. पुढं तो निजामाविरुद्ध बोलायला लागला, खादी घालायला लागला, आणि तुमचं बिनसलं. खालानं, त्याच्या आईनं, मागणी घातली त्या दुपारी तुम्ही भरलं ताट सारलंत. "सरकारच्या पगारावर हे घर चालतंय. तो आज ना उद्या तुरुंगात जाईल, मग हिला कोण बघील?" अम्मी म्हणाली, "पोरीला तरी विचारा." तुम्ही म्हणालात, "तिला काय कळतंय?" महिन्याभरात तामलवाडीचं स्थळ ठरलं, आणि तो सरहद्द ओलांडून बार्शीला, इंग्रजांच्या मुलखात निघून गेला.

तुमचा जावई वाईट नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर कडाकडा भांडले तरी असते. शेत, बैल आणि झोप. इतक्या वर्षांत त्यानं मला 'तुला काय वाटतं' असं एकदा विचारलं असेल तर शपथ. मी मात्र सगळ्यांना सांगत आले की निकाहाच्या वेळी मी गप्प बसले आणि अब्बांनी तोच होकार धरला. आपल्यात मुलीचं गप्प राहणंही संमती धरतात, त्यामुळं कुणाला शंका आली नाही. कादंबरी वाचताना मी त्या बापाला लई शिव्या घातल्या. त्या तुम्हालाच होत्या.

मग लग्नाचं पान आलं आणि मी पुस्तक मिटून टाकलं. त्या मुलीला कुणी काही विचारतच नाही. अंतरपाट दूर होतो आणि संपलं. आपल्याकडं मुलीची संमती घ्यायला मामू आत यायचे होते. त्यांना थांबवून तुम्ही स्वतः आलात. साक्षीदारांना दाराबाहेर उभं केलंत, बायकांना गप्प केलंत आणि माझ्यासमोर जमिनीवर बसलात. "बेटी, मनात दुसरं काही असेल तर आत्ता बोल. बाहेर जाऊन मी सांगतो. माझ्या अब्रूचं मी बघून घेईन." अम्मीचं 'पोरीला तरी विचारा' तुम्हाला लागलं असावं. मी ओढणीआडून तुमचे हात बघत राहिले. बाहेर जेवणाच्या पंगती मांडायला लागले होते. शेवटी तुम्ही साक्षीदारांना आत बोलावलंत.

हे पत्र पाठवायचं कुठं? कपड्यांच्या पेटीत तळाशी ठेवीन. नातीला पुस्तक परत करताना तीच जुनी गोष्ट सांगेन, स्वतःला मी चांगली ओळखते. पण तुम्हाला ठाऊक आहे, अब्बा. मी गप्प बसले नव्हते. साक्षीदारांना ऐकू जाईल असं मी म्हणाले होते, कबूल. तीनदा.