हातोडीचा आवाज थांबला तर

मी, सीताराम गुणाजी पांचाळ, वय बावन्न, राहणार स्लीपर चाळ, परळ, रेल्वे यार्डात डब्यांची चाके हातोडीने वाजवून तपासणारा, हे मृत्युपत्र स्वतःच्या अक्षरात लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. कोणाचा दबाव नाही. घाबरलेलो मात्र आहे. पण घाबरलेल्या माणसाचे मृत्युपत्र बाद होत नाही, हे मी कायद्याचे पुस्तक आणून पाहून घेतले. शाळा तिसरीपर्यंत, पुढचे सगळे वाचन माझे मीच केले.

कारण असे. शहरात संचारबंदी आहे आणि माझी पाळी दिवेलागणीला लागते. चाळ आणि यार्ड यांच्यामध्ये उघडे मैदान, तिथे बंदूकवाले शिपाई. काल लांब दांड्याची हातोडी पाहून एकाने मला अडवले. पास काढायला खिशात हात घातला तर त्याने बंदूक छातीला लावली. पास नीट पाहून मग सोडले. गैरहजर राहिलो तर नोकरी जाईल, नोकरीमागून खोली.

कलम एक, खोली. ती रेल्वेची, मला देता येत नाही. उंबरठा मात्र आमचा. हे सगळे खाजण होते. रेल्वेचा कारखाना आला तेव्हा माझ्या वडिलांच्या टोळीने इथे भराव घातला आणि रुळांखालच्या टाकाऊ लाकडी स्लीपरांच्या झोपड्या बांधून राहिली. पुढे पक्की चाळ झाली, तेव्हा प्रत्येकाने आपल्या झोपडीतला एक स्लीपर कापून दाराशी बसवला. तेव्हापासून रिवाज असा की, घर सोडणाऱ्याने आपला उंबरठा उचलून न्यायचा. साक्षीला बोलावलेल्या कुशाबा कांबळेचे वडील त्याच टोळीत घाम गाळत होते, पण खोली त्यांना विहिरीपलीकडे मिळाली. वस्तीची हकिगत सांगणारे हे गाळतात, म्हणून मी लिहून ठेवतो.

माझा उंबरठा पत्नी सौ. आनंदीबाई हिचा. रेल्वेचा लेखी हुकूम येईपर्यंत तिने तो हलवू देऊ नये. शेजारचा शामराव आपल्या जावयासाठी दोनदा आमच्या भिंती नजरेने मापून गेला आहे.

कलम दोन, मुलगा जगदीश. त्याला माझी पुस्तके आणि कंदील. कंदील आज मी नेणार नाही, उजेडावर नेम धरता येतो. जगदीश मोर्च्यात जातो, परवा पाठीवर लाठीचे वळ घेऊन आला. मला म्हणाला, "अण्णा, लोक मुंबईसाठी गोळ्या झेलतात आणि तुम्ही मैदान ओलांडायला घाबरता." मुंबई आपलीच, त्यात वाद नाही, इथला तर खालचा भरावसुद्धा आपला. पण माझ्या जागी नोकरीवर घेतले तर त्यालाच घेतील, आणि आईच्या डोक्यावर छप्पर राहील. तेवढ्यासाठी त्याने जिवंत राहावे.

कलम तीन, हातोडी. धड चाक घंटेसारखे वाजते, तडकलेले बद्द. तो कान देता येत नाही, म्हणून हातोडीही कोणाला देत नाही. मी ती कांबळ्यात गुंडाळून नेणार होतो. आनंदीबाई म्हणाली, "लपवलीत तर नक्की मारतील. रुळावर वाजवत जा. चोर कधी वाजवत जातो का?" मैदानाच्या कडेने जुना रूळ यार्डाच्या फाटकापर्यंत गेलेला आहे. आज त्यावर ठोके देत जाईन. ठोके ऐकू येतात तोवर मी चालतो आहे असे समजावे. फाटकाशी पोचलो की लागोपाठ तीन देईन. आवाज मधेच थांबला तर कोणीही, आणि जगदीशने तर मुळीच, मैदानात धावू नये. बाकी कलमे मोडली तरी हे मोडू नये.

कलम चार. शामराव, यार्डात रुळांचे सांधे बदलणारा सांधेवाला, पाळी माझीच. त्याला काही नाही. साक्षीदाराच्या नावे काही नसलेले बरे असे पुस्तक म्हणते, म्हणून साक्षीला मुद्दाम त्यालाच बोलावले आहे. तीन दिवस तापाच्या नावावर घरात बसून आहे. तो ताप मी ओळखतो. मलाही तोच आहे.

परळ, गुरुवार, १९ जानेवारी १९५६.
सही: सीताराम गुणाजी पांचाळ

साक्षीदार:

कुशाबा दगडू कांबळे. माझ्यासमोर सही झाली. विहिरीचे लिहिलेत, बरे केलेत.

शामराव लक्ष्मण चव्हाण. वाचून सही करतो. भिंती मापल्या हे खरे आहे. कंदील जगदीशला आज मिळणार नाही, तो मी धरणार आहे. अंधारात हातोडीवाला दिसला तर दंगेखोर समजतील, कंदिलाच्या उजेडात दोघे दिसले तर रेल्वेचे. ऊठ सीताराम, पाळी चुकेल.